सोयऱ्यांच्या गावावरून जाताना

मी आज पदवीधर म्हणवतो, ते माझ्या मामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते आणि मामा तर तिसरीतच थांबले होते. पण सगळ्या वाशीम भागात त्यांच्याइतका हिंडलेला, आणि इतक्या कमी ठिकाणी वेळेवर पोहोचलेला, दुसरा माणूस नसेल.

रिठदला त्यांची शेती होती. अकोल्याहून बदलून गेलेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी घेतली आणि बैलगाडीत बसणे सोडले. धोतर खोचून, फेट्याचा शेव हनुवटीखाली बांधून ते एकटेच निघत. मागे कोणाला बसवत नसत. ‘मांग बसलेला माणूस बोलत राह्यते. फटफटी काय म्हन्ते थे मंग ऐकू येत नाई,’ असे त्यांचे म्हणणे. फटफटीला बरेच काही म्हणायचे असे आणि ती ते भर रस्त्यात थांबून म्हणे. मामा रागावत नसत. ‘जिथं बंद पडली, थे गाव आपल्याले पाहाचं होतं,’ म्हणून ते जवळच्या पारावर जाऊन बसत, आणि उठेपर्यंत त्या गावात त्यांचे कोणी ना कोणी नाते निघे.

खरी अडचण या नात्यांचीच होती. आमच्याकडे सोयऱ्याच्या गावावरून न उतरता जाणे म्हणजे त्याचा अपमान. पायी जाणारा शेताशेतातून निसटतो. फटफटीचा आवाज मात्र कोसभर आधी पोहोचतो. म्हणून मामा सोयऱ्यांचे गाव आले की फटफटी बंद करत आणि गाव ओलांडेपर्यंत हाताने ढकलत नेत. किन्हीराजाला एकदा भर उन्हात असे ढकलताना सासरे समोर आले. ‘जवाईबापू, बिघडली काय?’ नाही म्हणणे शक्य नव्हते. सासऱ्यांनी बैल जुंपून चांगली चालती फटफटी घरी ओढून नेली, लोहार बोलावला, आणि त्याने ती दोन दिवसांत खरोखरच बिघडवली.

मी वाशीमला मॅट्रिक झालो त्या वर्षी अमरावतीच्या कॉलेजात फीमाफीचा अर्ज द्यायचा होता. दाखल्यावरची सही मिळता मिळता शेवटचा दिवस उजाडला आणि मी तापाने पडलो. अर्ज दुपारपर्यंत पोहोचला नाही तर माझे शिक्षण तिथेच संपणार होते. मामांनी कागद बंडीच्या आत घातले. ‘तू झोप,’ म्हणाले आणि पहाटेच निघाले.

त्या दिवशी त्यांनी कुठेही फटफटी बंद केली नाही. धनजला त्यांची थोरली बहीण, माझी मावशी, राहत असे. त्या दोघांची आई लवकर गेल्यावर तिनेच मामांना वाढवले होते. आवाज ऐकून ती पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर आली. मामांनी नुसता हात वर केला आणि ते पुढे गेले. अर्ज वेळेवर पोहोचला. परतताना मामा तिच्या दारात उतरले, तेव्हा मावशी आतूनच म्हणाली, ‘आता कायले उतरला? भरल्या रस्त्यावर मले उभं ठेवलं. जाय तुह्या वाटेनं.’

त्यानंतर चार दिवाळ्या मामा भाऊबिजेला गेले नाहीत. हे मला बी. ए. झाल्यावर मामींकडून कळले. मी मामांना विचारले, तुम्ही तिला कारण का सांगितले नाही? ते म्हणाले, ‘तुह्या शिक्षनापायी हे झालं असं तिच्या मनात राह्यलं असतं. पोराच्या नावानं कायले बट्टा?’

मी धनजला गेलो. तिथून मामांना हे पत्र पाठवले:

‘ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार. मावशीला मी सर्व सांगितले. ती चाचपत जोंधळे निवडत राहिली. मग म्हणाली, “त्यानं तवाच काहून नाई सांगतलं? मी काय तुही वैरीन आहो?” येत्या भाऊबिजेला तुम्ही येणार, असे मी तुम्हांला न विचारता तिला कबूल केले आहे. त्याबद्दल क्षमा असावी. आणखी एक लिहायचे राहिले. मावशीला आता नीट दिसत नाही. मी अंगणात उभा राहिलो तेव्हा तिला तुम्हीच वाटलात. “आला काय बाबू,” एवढेच म्हणाली आणि पाट मांडायला आत गेली. मी कोण ते सांगायला मला थोडा वेळ लागला.’