लोटांगण मास्तर

कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यात रामाजी गावंड्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना लोटांगण मास्तर म्हणायचे, तेही तोंडावर. रामाजी मिशीतल्या मिशीत हसायचे. मी गेटवरच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरच चालायचं.

कारखाना रुई आणि कापड धुऊन पांढरं करण्याचा होता आणि रामाजी आगीच्या बंदोबस्ताचे मुकादम. तरुणपणी ते नागपुरात बंबावर नोकरीला होते. तिथे कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आगीत तिघे धुरात सापडले. दोघे उभ्यानेच दाराकडे धावले आणि वाटेत कोसळले. रामाजी पोट घासत बाहेर आले. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: धूर वर जातो, माणसाने खाली जावं.

हे त्यांनी साऱ्या वस्तीच्या अंगात भिनवलं. कामगारांच्या क्वार्टरच्या ओळी कारखान्यामागे उतारावर, नाल्याकाठी होत्या. दर रविवारी सकाळी एका रिकाम्या खोलीत ओलं पोतं पेटवायचं, खोली धुराने भरायची आणि बायका-पोरांना तोंडाला ओलं फडकं बांधून रांगायला लावायचं. जो डोकं वर काढेल त्याच्या पाठीत काठी. जो नीट रांगेल त्याला गुळाचा खडा. इंदुताई नावाची एक जाडजूड बाई मात्र कधीच गेली नाही. "मायं लुगडं खराब करू का या म्हाताऱ्यासाठी?" असं ती नळावर सगळ्यांसमोर म्हणायची.

रामाजींची एकुलती एक मुलगी प्रेमिला त्याच ओळीत राहायची. जावई शालिकराम आमच्याकडेच मशीनवर होता. सासऱ्याची टर उडवण्यात तो सगळ्यांच्या पुढे. प्रेमिला मात्र सगळ्यांत चांगली रांगायची. रामाजी मला कौतुकाने सांगायचे, "बाबू, माही पोट्टी आगीत मरत नाई."

कंपनीचं शहाणपण काय वर्णावं? रुईच्या गोदामाला खेटूनच तिने क्लोरीनची सिलिंडरं ठेवली होती. रामाजींनी एकदा विचारलं तर मोठे साहेब म्हणाले, कपडा पांढरा करायचं औषध आहे, तुम्ही पाण्याचं बघा. रामाजींनी पाण्याचं बघितलं. वायूपासून वाचवणारे दोन मुखवटे होते, तेही स्टोअरमध्ये कुलपात. या लोकांची मला आजही चीड येते.

एकोणऐंशीच्या जानेवारीत, सकाळी पाळी बदलायच्या वेळी, रुईचं गोदाम पेटलं. कडाक्याची थंडी होती, वारा जवळजवळ पडलेला. काळा धूर हळूहळू क्वार्टरकडे सरकू लागला. नागपूरहून बंब यायला वेळ होता. रामाजींनी हातात भोंगा घेतला आणि उतारावर तोंड करून ओरडले, "दारं लावा. खाली आडवे पडा. मी येतपर्यंत कोणी उठाचं नाई." खालून दारं लागल्याचे आवाज आले. धुरापुरतं ते अगदी बरोबर होतं. ते समाधानाने पाण्याच्या पाइपाकडे वळले.

तेवढ्यात आगीच्या झळीने सिलिंडरांची बुचं वितळली आणि क्लोरीन बाहेर सुटला.

आमचे केमिस्ट मुकुंदराव धावत बाहेर आले. हवा तपासायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यांनी बांबूच्या टोकाला चिंधी बांधली, ती अमोनियात बुडवली आणि उतार धरला. जिथे क्लोरीन असेल तिथे अमोनियाचा पांढरा धूर होतो. रामाजी त्यांच्या मागे होते, मी रामाजींच्या मागे. मुकुंदरावांनी चिंधी डोक्याएवढी धरली, काही झालं नाही. कमरेपर्यंत आणली, थोडी वाफ दिसली. गुडघ्याखाली नेली आणि पांढऱ्या धुराचा लोटच उठला.

"साहेब, खाली काहून धूर निघून राहिला?" रामाजींनी विचारलं.

"हा वायू हवेपेक्षा जड आहे, रामाजी. जमिनीवर बसतो. लोकांना वर काढा, छपरावर चढवा."

रामाजींचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता. ते भोंगा टाकून धावले, मग परत आले, भोंगा उचलला आणि ओरडत सुटले, "उठा गा. उभे राहा. वर चढा." काही दारं उघडली. बाकीच्यांच्या अंगात उठायचं त्राणच उरलं नव्हतं. इंदुताई आपली पोरं घेऊन कधीच छपरावर पोचली होती आणि तिथून खोकत, शिव्या देत होती.

प्रेमिला खाटेखाली सापडली. नाकातोंडावर ओलं फडकं, गाठ मागे पक्की, गाल जमिनीला टेकलेला. बापाने शिकवलेल्यात ती काहीच चुकली नव्हती. रामाजी तिला खांद्यावर घेऊन उतार चढले आणि वर चांगल्या हवेत ठेवून तिची छाती दाबत बसले. मुकुंदरावांनी शेवटी त्यांचे हात धरून बाजूला केले. त्या सकाळी वस्तीतली जी माणसं गेली, ती बहुतेक गुळाचा खडा मिळवणारी होती.

कंपनीने मुकादमाच्या प्रसंगावधानाबद्दल त्यांना शाल देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही, पण नोकरीही सोडली नाही.

प्रेमिलाच्या तेरवीला मी त्यांच्या घरी होतो. शालिकराम पंगतीत बसला होता. आग लागली तेव्हा तो घरीच होता आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून वाचला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रामाजी वाढायला त्याच्यापुढे आले आणि थांबले.

"जावईबापू, तिले संगं काहून नाई नेलं?"

शालिकरामने मान वर केली नाही. "लय ओढलं, मामाजी. म्हटलं चाल वं, टाकीवर चढू. तिनं हात सोडवून घेतला. म्हणे, बाबा खोटं नाई सांगत."

"अन् तू?"

"मी तुमचं कधी ऐकलं?"

रामाजी वाकले, त्यांनी जावयाच्या पानात भात वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकले.