चुलत्यांची अमेरिकन गाडी

कोल्हापुरात परवा जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एका लांबलचक अमेरिकन गाडीच्या उघड्या दारातून तापलेल्या कातड्याचा वास आला, आणि मागच्या सीटवर नखांचे ओरखडे दिसले. आमच्या थोरल्या चुलत्यांचंच धूड हे!

आमच्या शिरोळच्या घरी ते गोठ्याशेजारी झाकलेलं असायचं. मागं माशासारखे पर, पुढं चकाकणारं नाक. "अमेरिकेतलं लक्षाधीश हिच्यातनं फिरत्यात," असं चुलते येईल त्याला ऐकवायचे. हिच्यात मात्र कोंबड्या अंडी घालायच्या. गाडी बाहेर निघायची ती दसऱ्याला, पूजेपुरती.

उसात आईला साप चावला, तेव्हा वडील धावत किल्ली मागायला गेले. चुलते म्हणाले, "रस्त्यात चिखल हाय. गाडी खराब हुईल की!" शेवटी शेजाऱ्यानं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत पाचटावर झोपवून आईला दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली.

प्रदर्शनातला माणूस गाडीवरून हात फिरवत मला म्हणाला, "लई मोठी माणसं बसल्यात हिच्यात, पावणं!"

"कोंबड्याबी बसल्यात," मी म्हटलं. "आमची आई तेवढी न्हाय."