देवघरातली गोळी

माझी मोठी बहीण मालेगावाहून आली की घरात तिचंच राज्य. बायको वारल्यापासून तर विचारूच नका. या खेपेला आल्या आल्या म्हणाली, "पोराचं दुसरं लग्न लावून दे." सून तिथंच भाकरी थापत होती. मोठी बहीण म्हणून मी ऐकून घेतलं.

सुनेचं बीज पिकत नाही, असं रिसोडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं. पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही, नाहीतर तो महिना वाया. मी चौथी शिकलेला, पण पेरणी हुकली की काय होतं ते मला कळतं. डबी पोरानं देवघरात ठेवलेली, देवापाशी राहिली तर गुण येईल म्हणून.

अन् पाळी आली तेव्हा पोरगा नेमका बाहेरगावी. बहिणीनं सुनेला ओसरीत बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर तंबाखू मळत होतो, तर आवाज आला.

"आत्याबाई, तेवढी डबी द्या ना. आजपासूनच घ्याची आहे."

"विटाळात देवापासची डबी? चौथ्या दिवशी आंग धू, मंग घे."

"मंग उपेग नाही जी."

"आतालोक कोन्ता उपेग झाला?"

सुनेनं पदर तोंडाशी धरला अन् माझ्याकडं पाठ केली. सासऱ्यानं हे ऐकलं, याचीच तिला लाज. माझं मात्र डोकं फिरलं. तसाच चपला घालून देवघरात शिरलो, डबी काढली, सुनेच्या हातात दिली.

"घे बाई, माह्यासमोर घे."

मग तिच्याच तांब्यातलं पाणी मीही प्यालो, बहिणीकडं पाहत.

"बाटवलं घर! देव कोपन."

"कोपू दे. तू पिशवी भर. फाट्यावर जीप भेटते."

"सख्ख्या बहिणीले हाकलून राह्यला का रे?"

"हो. कायले थांबतं आता?"

ती गेली. पाचही दिवस डबी मीच काढून दिली. पुढं तपासणीत एक बीज चांगलं मोठं झालेलं दिसलं, असं पोरानं सांगितलं. लेकरू अजून नाही, इलाज चालू आहे.

बहिणीचा निरोप आला, देवघर गोमूत्र शिंपडून शुद्ध करा, मग येते. मी उलट कळवलं, देवघर शुद्धच आहे, तू येऊ नको.