मावशींच्या कानावर चालणारी शाळा

“आपटता की नाही, एवढंच सांगा.”

“मावशी, डस्टर आहे ते. पडतं कधी हातातून.”

“रोज पडतं? प्रत्येक तास संपायच्या बेताला?”

“वय झालं. हात थरथरतो.”

“तुमचा? परवा कपाटावरचे नकाशे एका हाताने उतरवलेत. मी स्टूल धरून खाली उभी होते.”

यावर गणिताच्या सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. रिकामं मैदान आणि चुन्याने आखलेली वर्तुळं, मुलांनी एकमेकांपासून लांब उभं राहावं म्हणून. शनिवारचा शेवटचा तास चालू होता, सव्वा वाजत आला होता. सरांना आणि मला तो तास मोकळा, म्हणून आम्ही दोघं शिक्षकखोलीत होतो. मावशी दारात उभ्या होत्या, हातात घंटेचा हातोडा, मास्क नाकाखाली घसरलेला. एरवी दुसऱ्याचा मास्क घसरला की त्याच पहिल्यांदा ओरडायच्या.

“आणि चित्रकलेच्या बाई,” मावशी म्हणाल्या, “त्यांच्या वर्गात कंपासपेट्या मिटतात. चौदाच्या चौदा, एकदम, खटाखट. चित्रकलेला कंपासपेटी कशाला लागते हो?”

मी वह्या तपासायला घेतल्या. मीही त्यातलीच होते. शाळेतली सगळ्यात नवीन, भाषा शिकवणारी. तास संपत आला की मी अख्ख्या वर्गाकडून धड्याची शेवटची ओळ मोठ्याने म्हणून घ्यायचे. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

मावशी म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाई. गेली एकतीस वर्षं शाळेची घंटा त्या देतात. घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, त्याच्याखाली मावशींचं स्टूल, स्टुलासमोर भिंतीवर गोल घड्याळ. नवरा इथेच रखवालदार होता. तो लवकर गेला, तेव्हा लेक पहिलीत होती. मावशी पाणी भरायला म्हणून आल्या आणि आठवड्याभरात हातोडा त्यांच्या हाती आला तो आजतागायत. लेक दहावी होऊन, लग्न होऊन, दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. रोज संध्याकाळी ती फोन करून एकच विचारते, आई, आता पुरे कर ना. मावशी रोज म्हणतात, या वर्षीची मुलं सुटू देत.

त्यांची घंटा कधी चुकत नसे. कधीच नाही. आम्ही सगळे आपापली घड्याळं तिच्यावर लावायचो. शेजारचा शिंपीसुद्धा आमच्या मधल्या सुट्टीच्या घंटेला जेवायला उठायचा. शाळा बंद होती ते दीड वर्षही मावशी रोज सकाळी येऊन कुंड्यांना पाणी घालायच्या आणि जाताना रुळावर एक हलका टोला द्यायच्या. कारकूनभाऊंनी विचारलं तर म्हणाल्या, गंज धरतो. मग थोडं थांबून म्हणाल्या, रुळाला.

मग शाळा उघडली. विषम नंबरची मुलं आठ ते साडेदहा, सम नंबरची अकरा ते दीड. मधल्या अर्ध्या तासात बाकं पुसायची. दोन्ही तुकड्यांनी फाटकात समोरासमोर यायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. तासही पस्तीस मिनिटांचे तीसवर आणलेले.

पहिल्या दिवशी गणिताचे सर इथेच, याच खुर्चीत बसून होते. बंदच्या काळात त्यांची आई गेली होती आणि शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. खडू हातात घेतला होता, पण उठता येत नव्हतं. मी दोनदा ‘सर’ म्हटलं. मावशी दारात आल्या, बघितलं, गेल्या. तिकडून कारकूनभाऊ ओरडत होते, मावशी, आठ वाजले, द्या घंटा. मावशींनी आधी एक बादली उचलून जागा बदलून ठेवली. मग परत होती तिथे ठेवली. मग मास्कच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. सर उठून दारापर्यंत आले तेव्हा टोले पडले. आठ वाजून तीन मिनिटं. मावशींची ती पहिली उशिराची घंटा आणि ती चूक नव्हती.

चूक तिसऱ्या दिवशी झाली.

साडेदहाला विषम नंबर सुटायचे होते. घंटा झालीच नाही. आमच्या शाळेत घंटेशिवाय वर्ग सोडायचा नाही, ही पूर्वापार शिस्त. आणि आमच्यातल्या प्रत्येकाला, खरंच प्रत्येकाला वाटलं की आपलंच घड्याळ पुढे गेलंय. मी मनगट कानाला लावून बघितलं. सरांनी चक्क घड्याळ वीस मिनिटं मागे घेतलं. कारकूनभाऊ घरात विलगीकरणात होते आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कानाला हेडफोन लावून ऑनलाइन बैठकीत. मावशी स्टुलावर बसून होत्या, हातोडा मांडीवर, वाट बघत.

अकराला पाच कमी असताना फाटकाबाहेर गलका झाला तशा त्या दचकून उठल्या आणि टोले दिले. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पीटीच्या सरांनीही त्याच वेळी सम नंबरच्या मुलांना आत घेण्यासाठी फाटक उघडलं होतं.

पुढचं मी वरच्या मजल्यावरून पाहिलं. सतरा नंबर बाहेर जात होता, अठरा नंबर आत येत होता. वर्षानुवर्षं एका बाकावर बसलेली ही जोडी दीड वर्षात भेटली नव्हती. दोघं क्षणभर थांबले आणि मग एकमेकांवर असे कोसळले की दप्तरं, बाटल्या, सगळं जमिनीवर. त्यांच्यामागून अख्खी शाळा. चुन्याची वर्तुळं कुठल्या कुठे गेली. पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडात घालायचा प्रयत्न केला, पण मध्ये मास्क होता. चित्रकलेच्या बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. “वेगळं करायला हवं यांना,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत तशाच उभ्या राहिल्या.

पुढे दोन आठवडे आम्ही जीव मुठीत धरून होतो. कुणाला काही झालं नाही, पण पालकांची पत्रं यायची ती आलीच. मोठ्या बाईंनी त्याच दुपारी चौकशीला सुरुवात केली आणि मावशींच्या स्टुलासमोरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळपासून. खरं तर सहा वर्षांपासून.

तेव्हा मावशींनी सांगितलं. घड्याळाकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांचे हात कायम कामात असायचे, कान मोकळे असायचे. तास संपत आला की वर्गांचा आवाज बदलतो, म्हणाल्या. आधी पेट्या मिटतात, मग बाकं कुरकुरतात, मग सगळ्या वर्गांतून मिळून एक गुणगुण उठते, भांड्यातलं पाणी उकळायच्या आधी करतं तशी. ती उठली की हात आपोआप हातोड्याकडे जातो. पण आता वर्गात चौदा मुलं. एका बाकावर एक, तोंडावर फडकं, शेजारी बोलायला कुणी नाही. “गुणगुण होईना,” मावशी म्हणाल्या. “पहिले दोन दिवस कारकूनभाऊ वेळ ओरडून सांगायचे, आज ते नाहीत. मी आपली बसले ऐकत.”

घड्याळात नवा सेल घातला. जावयाने मनगटी घड्याळ आणून दिलं, ते हात धुण्याच्या औषधाने चौथ्या दिवशी मेलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे मावशी दहा वेळा बघायच्या आणि अकराव्या वेळी फाटकावर कुणाचा तरी ताप मोजत असायच्या. शेवटी मोठ्या बाईंनी इलेक्ट्रिक घंटा मागवली. खोकं ऑफिसातल्या कपाटावर येऊन बसलं. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांनी मावशींना समोर बसवून सांगितलं, दोन आठवडे देते. एकही घंटा चुकली नाही तर खोकं दुकानात परत. चुकली तर वायरमन येईल, आणि मग या वयात, या दिवसांत तुम्हाला रोज गर्दीत बोलावण्याचं कारण मला वर दाखवता येणार नाही.

त्या दिवसापासून गणिताच्या सरांचं डस्टर पडायला लागलं. कुणी बैठक घेतली नाही, काही ठरवलं नाही. सरांनी सुरू केलं, चित्रकलेच्या बाईंनी ऐकून ओळखलं, मी दोघांचं पाहून शिकले. पीटीचे सर मैदानात उगीच एक बादली उलटी करायचे. मुलांनी घालायचा गोंगाट आम्ही मोठी माणसं घालत होतो. दोन आठवडे एकही घंटा चुकली नाही. आज शेवटचा दिवस आणि दीडची घंटा शेवटची.

आणि नेमकं आज मावशींनी आम्हाला पकडलं होतं.

“बरं, आपटतो,” सर खिडकीकडून वळले. “मग? कुणाचं काय बिघडलं?”

“माझं बिघडलं. मला वाटत होतं, कान परत आला माझा. घरी लेकीला सांगितलं मी तसं.” मावशींचा आवाज खाली आला. “तुमच्या डस्टरवर मी घंटा देणार, तर माझ्यात आणि त्या खोक्यात फरक काय? त्याला बटण, मला डस्टर.”

“खोकं माझ्यासाठी तीन मिनिटं थांबलं नसतं.”

मावशी हातातल्या हातोड्याकडे बघायला लागल्या.

“आठ वाजले होते,” सर म्हणाले. “माझ्या हातात घड्याळ होतं, मावशी. तुम्ही बादली इकडची तिकडे केलीत, मला दिसत होतं. मी विचारायला आलो का, माझ्यासाठी घंटा का थांबवलीत म्हणून? घेतलं ना गुपचूप?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“ते मी केलं,” मावशी म्हणाल्या. आपण काय बोललो हे त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्या डोळ्यांनी जराशा हसल्या. पण लगेच हातोडा टेबलावर ठेवला, वह्यांच्या गठ्ठ्यावर. “मोठ्या बाईंना जाऊन सांगते. लावा म्हणावं खोकं. लेक तरी खूश होईल.”

“एक घंटा राहिली आहे. ती देऊन जा.”

“देते. पण कुणी काही आपटायचं नाही. बादली नाही, पेट्या नाहीत. चुकली तर चुकू दे. माझी म्हणून चुकू दे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चुकली तर दोन आठवडे पाण्यात जातील. मावशी म्हणाल्या, पोरी, तू जा आणि सांगून ये सगळ्यांना. मी गेले. चित्रकलेच्या बाईंना दारातून खूण केली, पेट्या नकोत. त्यांनी हाताने विचारलं, का. मी हातानेच सांगितलं, मावशींना कळलंय. त्यांनी कपाळाला हात लावला. पीटीच्या सरांकडून बादलीच काढून घेतली आणि ती घेऊन परत आले.

मावशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. सर समोर. मनगटावरचं घड्याळ त्यांनी बाहीखाली सरकवलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. मावशींना नव्हे, मला वाटतं, स्वतःला. मीही बघितलं नाही. आम्ही तिघं नुसते बसलो. व्हरांड्यात शांत होतं. पंख्याचं एक पातं घासत होतं. वर कुणीतरी इतिहास सांगत होतं, एकसुरी. सर पायाने जमिनीवर ताल धरायला लागले तेव्हा मावशींनी नुसती मान वळवली आणि पाय थांबला.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर एक बाक कुरकुरलं. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि कुणीतरी हसलं, मास्कच्या आत, दाबून. वर्गावरच्या बाई ओरडल्या. ओरडल्यावर आणखी दोघं हसले. कुठेतरी एक पेटी मिटली, एकटीच, मग पलीकडच्या वर्गात दुसरी. आणि भिंतींमधून, जिन्यावरून, छतातून काहीतरी हळूहळू यायला लागलं. मला तो नुसता आवाज वाटला. दीड वर्षापूर्वी तो रोजच असायचा आणि मी कधी ऐकला नव्हता.

मावशींची मान किंचित तिरकी झाली. डोळे मिटले. त्यांनी नाकाखाली घसरलेला मास्क वर ओढला.

सर पुढे वाकले. “मावशी,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “मग सोमवारपासून मी आपटू की नको?”

मावशींनी वह्यांवरचा हातोडा उचलला आणि घंटा द्यायला व्हरांड्यात निघून गेल्या.