मालकांच्या पोटातली गाठ

कलबुर्गीच्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एक बाई रोज येऊन बसायची. पदर तोंडाशी धरून आत-बाहेर जाणारा प्रत्येक डबा निरखायची. तक्रार करायला आली असावी, असा मला संशय होता. शेवटी मीच विचारलं.

“आमच्या मालकांच्या पोटातली गाठ तुमच्यापाशी हाय म्हणं. मालक गेले, अन् ती अजून वाढायलीय. कामून पोसायलाव तिला, अक्का?”

तिच्या नवऱ्यानं ती कर्करोगाची गाठ राजीखुशीनं संशोधनाला दिली होती. मी समजावलं, “त्या गाठीतल्या पेशींत आरएनए म्हणत्यात तसला एक रेणू हाय. तो स्वतः प्रथिनं बनवत न्हाई, पण पेशींना मरू देत न्हाई. तो बंद पाडून बघायलोत.”

“खरं? दाखवा.”

तो आरएनए बंद केलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसून पडल्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

“मेल्यात?”

“व्हय.”

“मग मालकांच्या पोटात कामून न्हाई केलं?”

“बशीत जमतंय. माणसात अजून न्हाई.”

तिनं माझ्या डोळ्यांत रोखून बघितलं. “मग यातली एक बी जिती ठेवू नका.”

मी होकारार्थी मान हलवली. ती गेल्यावर उरलेल्या पेशी मी पुन्हा उबेच्या पेटीत ठेवल्या. उद्याच्या प्रयोगाला त्या जिवंतच लागणार होत्या.