बुडाशी दोन रेघा

निबकाकांचं खरं नाव निवृत्तीच्या कागदांवर असेल तेवढंच. गल्लीत त्यांना निबकाका याशिवाय कुणी दुसरी हाक मारलेली आठवत नाही. चौतीस वर्षं कचेरीत बसून त्यांनी लोकांच्या दस्तांच्या नकला हाताने उतरवल्या. बाकीचे कारकून केव्हाच बॉलपेनावर गेले, हे मात्र शाईची बाटली आणि ड्रॉपर घेऊन ठाण मांडून बसले. निवृत्तीनंतर माणसं प्रवास करतात, नातवंडं खेळवतात. यांनी जुनी शाईची पेनं जमवायला घेतली. त्यांची बायको म्हणायची, "इतकी वर्षं यांनी पेन चालवलं, आता पेनं यांना चालवतात."

कपाटात तीनेकशे पेनं होती, पण काकांचा जीव अडकला होता तो त्यातल्या नऊंत. काळ्या एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, लेथवर हाताने कातलेली जाडसर पेनं. डबीवर ती विकणाऱ्या दुकानदाराचं नाव ठळक, आणि पेनावर कुणाचंच नाही. याचा काकांना मनापासून राग होता. विकणारा अमर आणि घडवणारा बेपत्ता, हा कुठला न्याय, असं ते जेवताना सुरू करत आणि ताटातलं गार होईपर्यंत थांबत नसत.

अकरा वर्षं त्यांनी या पेनांच्या घडवणाऱ्याचा माग काढला. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळून शिंकून शिंकून बेजार झाले. ही पेनं बनत त्या कारखान्याचा पत्ता हुडकून गेले, तर तिथे टायरचं दुकान. जुन्या पेनांवर ते एक पुस्तिका लिहीत होते. तिच्यातलं एकच पान अडलं होतं. 'घडवणारे' असं लिहून पुढे जागा कोरी. शेवटी त्यांनी वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांत चार ओळी छापून आणल्या, आणि आठवड्याभरात एका बाईंचा फोन आला.

"माझे वडील त्या कारखान्यात लेथवर होते. एकदा पेनं बघू द्याल का?"

बाई यायच्या दिवशी काका दोनदा दाढी करायला निघाले. बायकोने आरशासमोरून हाताला धरून बाजूला केलं.

बाई आल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या, साध्या, हातात कापडी पिशवी. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका होत्या. काकांनी टेबलावर मऊ कापड पसरून नऊ पेनं मांडली.

"बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "फोटो नाही, काही नाही. त्यांच्या हातचं एखादं पेन निघालं तर नुसतं हातात धरीन म्हणते."

"पण ओळखायचं कसं, ताई?"

"खूण असायची ना! तिथे लेथवर तिघं होते. पेन झालं की बुडाशी बारीक रेघ ओढायची. एकाची एक, बाबांच्या दोन, तिसऱ्यांच्या तीन. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक दिसत नाही, भाऊ. तुम्हीच बघा."

काकांनी भिंग उचललं आणि पेनावर न धरता हातातच ठेवलं. रेघा होत्या. नऊही पेनांच्या बुडाशी एकेकाळी होत्या. त्यांना ते ओरखडे वाटले होते. छंद नवा होता तेव्हा याच टेबलाशी बसून त्यांनी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने ते घासले होते, वर तेलाचा हात फिरवला होता, आणि पेन कसं नव्यासारखं झालं म्हणून बायकोला हाक मारून दाखवलं होतं.

आता कुठलंही एक पेन उचलून 'हे बघा, दोन रेघा' म्हटलं की झालं. बाई समाधानाने घरी जातील आणि आपली अब्रू झाकली जाईल. काकांनी एक पेन उचललंही. बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती त्या पेनाकडेच बघत होती. काकांना तिचा त्या क्षणी फार राग आला.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, खुणा होत्या. मीच घासून काढल्या. मला वाटलं ओरखडे आहेत. अकरा वर्षं ज्याला शोधतोय त्याला मी आधीच माझ्या हाताने पुसून बसलो होतो."

बाई चक्क हसल्या.

"अहो, ती काय सही होती का? पेन गळतंय म्हणून परत आलं तर कुणाला बोलायचं ते मालकाला कळावं म्हणून ती रेघ. आई सांगायची, दोन रेघांचं पेन परत आलं की बाबा त्या दिवशी जेवायचे नाहीत. पुसलंत ते एका अर्थी बरंच केलंत."

काकांनी पुस्तिकेची वही ओढली, नऊंतल्याच एका पेनात शाई भरली, आणि 'घडवणारे' या शब्दापुढे बाईंनी सांगितलं ते नाव लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: यांचं पेन नेमकं कोणतं ते आता सांगता येत नाही, कारण खुणा प्रस्तुत लेखकाने पुसल्या. दोन्ही ओळी त्यांनी वाचून दाखवल्या.

"दुसरी ओळ बारीक काढा," बाई म्हणाल्या, "आणि बाबांचं नाव जरा मोठं."

काकांनी पान फाडून पुन्हा लिहिलं. मग ती नऊही पेनं त्यांनी कापडासकट बाईंच्या पुढे सरकवली. "सगळी न्या. तुमचीच आहेत."

"नऊ पेनं नेऊन मी काय कचेरी थाटू?" बाईंनी डोळे मिटून एकेक पेन हातात घेतलं आणि एक ठेवून घेतलं. "हे नेते."

"पण ते बाबांचं नसलं तर?"

"तर शेजारच्या लेथवरच्या काकांचं असेल. बाबा गेल्यावर मला शाळेत तेच सोडायचे."

"त्यांचं नाव काय हो?" निबकाकांनी विचारलं आणि शाई भरलेलं पेन उचलून त्याचं टोपण पुन्हा उघडलं.