शेवट सांगायचा नाही

आमच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांची ऑपरेशनं व्हायची. खरंच सांगते! नव्वदच्या दशकात आखातात, अल ऐनला एका हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होते आणि क्वार्टर्समध्ये आम्ही तिघी राहायचो: मी रत्नागिरीची, एक केरळची नर्स आणि एक फिलिपिनो नर्स. तिला आम्ही ‘आते’ म्हणायचो, त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. आते ऑपरेशन थिएटरमधली. जाडजूड पुस्तक घरात आलं की ती ते टेबलावर ठेवायची, ब्लेडने पाठीतून त्याचे तीन तुकडे करायची आणि मुदत संपलेल्या टाक्यांच्या दोऱ्याने प्रत्येक तुकडा नीट शिवून द्यायची. आमच्या ड्यूट्या वेगवेगळ्या. एकीचं पुस्तक संपेपर्यंत बाकीच्यांनी काय तोंड बघत बसायचं? पहिलीचा पहिला भाग झाला की तो दुसरीच्या हातात, आणि पहिली दुसऱ्या भागाला लागली. यल्ला, पुढे!

पहिल्यांदा ते बघून मी किंचाळलेच. पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून डोळ्यांना लावायचं, असं अम्मीने शिकवलेलं, आणि ही बाई चक्क कापतेय! मी तिच्याशी बोलायचंच सोडलं. पण त्याच पुस्तकाचा पहिला भाग माझ्या हाती आला, मी तो एका बैठकीत संपवला आणि दुसरा केरळच्या मुलीकडे अडकला. मग मीच तिच्या मागे लागले, “अगं आटप ना लवकर!” झालं, माझा राग तिथेच खलास.

काय काय वाचलं आम्ही! कायमचे मायदेशी निघालेले लोक सामानाचं वजन वाढतं म्हणून पुस्तकं मागे टाकून जायचे. आतेचा भाऊ मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये होता, तो शुक्रवारी यायचा तो खोका घेऊनच. खोक्यात निवड अशी नव्हतीच. एका रशियन कादंबरीत माणसांना इतकी लांबलचक नावं की मी त्यांना मनातल्या मनात आमच्या मोहल्ल्यातली नावं देऊन टाकली आणि मग काय, अशी पळाली ती कादंबरी! एक जपानी पुस्तक हे एवढंसं. त्यात काही म्हणजे काही घडत नाही, एक म्हातारा बागेत बसून राहतो, आणि तरी मी मायक्रोस्कोपसमोर बसून त्याचाच विचार करत होते. परग्रहावरच्या एका गोष्टीत माणसं काचेच्या घुमटाखाली राहतात, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. केरळची म्हणाली, “यात नवीन काय? ऑगस्टच्या उन्हात आपण तेच करतो.”

पण मला वेड लावलं ते आतेच्या पुस्तकांनी. तिच्या भाषेतल्या प्रेमाच्या गोष्टी, पातळ, खिशात मावतील अशा. आम्हाला ती भाषा कुठली येणार! शुक्रवारी भात शिजत असताना आते त्या मोठ्याने वाचायची आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगत जायची. त्यातल्या पोरी काय रडायच्या! काय भांडायच्या! पण कितीही मोठं भांडण झालं, तरी मधेच कोणीतरी विचारणारच, “जेवलीस का?” मी टाळीच वाजवली. इंग्रजी पुस्तकांतली माणसं घर सोडून जातात, आयुष्य उद्ध्वस्त करून घेतात, पण जेवलात का म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. ही आपली माणसं! आणि त्यांच्या भुतांच्या गोष्टी, बाप रे! त्यांची एक हडळ कमरेपासून दोन तुकडे होऊन वरचा अर्धा घेऊन उडते. ते ऐकल्यावर आमच्या गावच्या चिंचेखालच्या भुताला मी घाबरेनाशी झाले.

घरात कायदा एकच होता, शेवट सांगायचा नाही. जी सांगेल तिने आठवडाभर बाथरूम धुवायचं. आते या बाबतीत फारच कडक. एकदा मी नुसत्या भुवया उडवल्या, तर तिने मला ब्रश आणून दिला.

मग ते खुनाचं पुस्तक आलं. थंडीच्या देशातलं एक गाव, तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरचा खून झालेला. संशय बायकोवर, पोस्टमनवर, आणि तसा सगळ्या गावावरच. त्या खेपेला पहिला नंबर माझा. मी तिसरा भाग संपवला आणि ओरडायचीच बाकी राहिले, कारण खून केला होता पाव भाजणाऱ्या त्या गोड म्हातारीने, जिच्यावर आम्हा सगळ्यांचा जीव जडला होता! आतेचा दुसरा भाग त्याच सकाळी संपला. “ड्यूटीवरून आले की तिसरा दे,” असं बजावून ती गेली.

दुपारी ती थिएटरमध्येच कोसळली. पोटात गाठ होती, ती पिळली गेली होती आणि आत रक्त साठत होतं. तिच्या रक्ताचा नमुना माझ्याच टेबलावर आला. हिमोग्लोबिनचा आकडा भलताच खाली. मशीन चुकलं असेल म्हणून परत लावलं, तर पुन्हा तोच आकडा. रक्ताच्या पिशव्या जुळवून दिल्या आणि मी तशीच धावत सुटले.

थिएटरच्या दाराशी ती ट्रॉलीवर पडली होती. ओठ पांढरेफटक. मला बघून तिने बोटाने खूण केली. मी वाकले.

“सांग. कोणी मारलं त्याला?”

“आते, कायदा कोणाचा आहे?”

“मी परत नाही आले तर? एवढं तरी कळू दे. सांग ना गं.”

हट्ट नव्हता तो. ही बाई रोज तिथे उभी असायची, आत कोण कशा अवस्थेत जातं हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हातारीचं नाव अगदी जिभेवर होतं.

“पोस्टमन,” मी म्हणाले.

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

या अल्ला! बाहेरच्या बाकावर मी स्वतःला किती शिव्या घातल्या असतील! शेवटची एक गोष्ट मागितली तिने आणि मी खोटं सांगितलं. ही खोटंच घेऊन गेली तर? वरती जाऊन कोणाला विचारणार ती? केरळची येऊन माझा हात धरून बसली. तिचे ओठ प्रार्थनेत हलत होते आणि माझेही.

आते वाचली. पण पार निपचित झाली होती. सूप दिलं तर दोन चमचे घ्यायची, भाऊ आला तर भिंतीकडे तोंड करायची. मी तिसरा भाग उशाशी नेऊन ठेवला. “कशाला? माहीत आहे मला,” म्हणून तिने डोळे मिटले. मी रोज जाऊन बघायचे, तो भाग ठेवला तसाच असायचा. मला भयंकर भीती वाटायला लागली होती. खरं सांगून टाकावं असं अगदी तोंडावर यायचं, पण मी दात आवळून गप्प राहिले.

एका दुपारी मी रिपोर्ट घेऊन कॉरिडॉरमधून चालले होते, तर वॉर्डातून अशी आरोळी आली की दोन नर्सा धावल्या. मीही धावले. आते उशीला टेकून उठून बसली होती. मांडीवर तिसरा भाग, गाल लाल, आणि एक हात पोटावर दाबलेला.

“म्हातारी! पाववाली म्हातारी! खोटारडे, मरणाऱ्या बाईशी खोटं बोललीस?”

“मरणाऱ्या बाईला मी खरं सांगितलं असतं,” मी म्हणाले आणि सगळ्यांच्या देखत भोकाड पसरलं. “तुला कशाला सांगू?”

आतेने बाजूच्या ताटलीवरचं झाकण काढलं, भात माझ्याकडे सरकवला आणि दरडावून विचारलं, “जेवलीस का?”